चार-दोनचं दान

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर सूनबाईचं आहे, बोलणं माझं. तेव्हा चूक दिसली तर लाल पेन उघडण्याआधी कुणाचा कान धरायचा ते ठरव. आज तिची सुट्टी. सहा दिवस मी बस चालवते आणि सातव्या दिवशी सासूबाई मला चालवतात, असं ती म्हणते. मी म्हटलं, हेसुद्धा लिही. लिहिलंय की गाळलंय ते मला कळायचा मार्ग नाही, तूच कळव.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी जरा प्रस्तावना करायला लागले की तुझं सुरू, वहिनी, मुद्द्यावर ये. पत्राला असं म्हणता येत नाही. निमूट शेवटपर्यंत वाचावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी तर तू तुझाच मुद्दा सांगून मोकळी झालीस. पडल्यापासून तिसरा मजला चढवत नाही, म्हणून घर सोडायचं आणि त्या वृद्धाश्रमात जायचं. खोली बघून झाली, खिडकी पूर्वेला आहे, जेवण वेळेवर असतं, तीन महिन्यांत होकार कळवायचा. मी म्हटलं, आमच्याकडे ये. त्यावर तू एकच वाक्य बोललीस आणि फोन ठेवलास. त्या वाक्याकडे मी मागाहून येणार आहे. आधी बातम्या.

पहिली बातमी म्हणजे मी बॅकगॅमन शिकले. हसून घे. हसताना पाठीला उशी लाव, डॉक्टरांनी धक्का बसू द्यायचा नाही असं सांगितलंय ना.

नात शिकायला परगावी गेली तेव्हा तिचा जुना टॅबलेट इथेच ठेवून गेली. त्याच्यात तुमचा तो खेळ आहे. तसाच पट, तसेच चोवीस तिकोनी खण, पंधरा सोंगट्या आपल्या, पंधरा समोरच्याच्या. समोर बसायला माणूस लागत नाही, मशीनच खेळतं. मी मनात म्हटलं, जिथे एक अक्षर नाही, नुसते फाशांवरचे ठिपके मोजायचे, तिथे मला कोण अडवणार? अडवलं, पण माझ्याच अकलेने. पडद्यावर कोपऱ्यात एक छोटं पांढरं निशाण असतं. आता मी पडले गार्डाची बायको. तुझ्या दादाने चौतीस वर्षं निशाणं हलवली. निशाण दाखवलं की गाडी सुटते, एवढं मला झोपेतसुद्धा कळतं. म्हणून डाव मांडला की मी आधी निशाणावर बोट ठेवायची, चला, सोडा गाडी. लगेच छान वाजंत्री वाजायची आणि पट पुन्हा पहिल्यासारखा. मला वाटलं, काय अदबशीर यंत्र आहे, सुरुवातीला सलामी देतं! असे अकरा डाव झाले. मग सूनबाईने मागून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आई, ते निशाण हार मानायचं आहे. म्हणजे एकही सोंगटी न हलवता मी अकरा वेळा हरले होते. एवढ्या झटपट तर तुझा दादासुद्धा कधी हरला नाही.

निशाण सुटलं तर दुसरीच गंमत. सोंगटी हलेचना. मी डावीकडे ढकलते, ती परत जागेवर. मला वाटलं रुसलंय. मग लक्षात आलं, मशीन म्हणतं उजवीकडून बाहेर काढा, आणि मी आयुष्यभर पाहिलेला खेळ डावीकडून बाहेर पडायचा. का, ते तुला आठवेल. स्वयंपाकघराचं दार तुझ्या खुर्चीच्या मागे होतं. मी हात पुसत दारात उभी राहायची आणि तुझ्या खांद्यावरून बघायची. मला जो काही खेळ येत होता तो तुझ्या बाजूचा. मग मी म्हटलं, सोपं आहे, टॅबलेटच उलटा धरू. उलटा धरला तर आतलं चित्र फिरून पुन्हा सुलटं! मी फिरवते, ते फिरतं. बराच वेळ आमची फुगडी चालली होती. शेवटी मुलाने, म्हणजे तुझ्या भाच्याने, आत कुठेतरी जाऊन सोंगट्यांची दिशाच बदलून दिली. आता मी तुझ्या बाजूने खेळते.

मशीनचं नाव मी जावईबापू ठेवलंय. का म्हणशील, तर समोर बसून राहतात, तोंडातून शब्द नाही, आपण काही बोलायची सोय नाही, आणि शेवटी त्यांचंच खरं होतं. माझं दान पडून मी ठिपके मोजेपर्यंत त्यांची पुढची चाल तयार. पहिला महिना त्यांनी मला धुऊन वाळत घातलं. मी आरोपही केला की हे दान चोरतात. नाहीतर नेमके त्यांनाच हवे तेव्हा दोन्ही फाशांवर सहा कसे पडतील? भाचा तुझ्याच वळणाचा, पुराव्याशिवाय बोलत नाही. एका दुपारी त्याने मला खरे फासे दिले आणि म्हणाला, आई, जावईबापूंचं दान आता तूच टाक. मी टाकलं. माझ्या हाताने त्यांना तीन वेळा सहा-सहा पडले. तेव्हापासून मी आरोप मागे घेतलाय, पण माफी मागितलेली नाही. जावयाची कुणी माफी मागतं का?

पाचव्या आठवड्यात मी पहिला डाव जिंकले. तीच वाजंत्री वाजली, आणि या खेपेला ती माझी होती. सूनबाई नुकतीच कामावरून येऊन बूट सोडत होती, एक बूट पायात ठेवूनच बघायला आली. आता तीनातला एक डाव मी घेते. ती म्हणते, आई, तुम्ही अगदी आत्यांसारख्या खेळता, मारामारी कमी आणि बांधबंदिस्ती जास्त. मला जरा रागच आला. मग विचार केला, बरोबरच आहे, शिकवणी कुणाची होती? तू शिकवत नव्हतीस, पण मी शिकत होते.

बाकी घरात चाललंय ते असं. भाच्याने न्हाणीघरात भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवला. शेजारीण म्हणाली, गुडघे फार दुखतात वाटतं तुमचे? मी म्हटलं, हो बाई, फार. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खालच्या खोलीतलं शिवणयंत्र वर गेलं आणि खाट खिडकीपाशी आली. ती खिडकी पूर्वेला नाही, पश्चिमेला आहे, पण उठल्याबरोबर डोळ्यांवर ऊन हवंच असा काही नियम नसावा. तुझ्या दादाची वेताची खुर्ची विणायला दिली होती, तीही आली. हातांची आहे, उठताना रेटा घ्यायला बरी.

आणि कपाटातून पट काढला. तुला आठवतो ना तो? रेल्वेच्या बेवारस सामानाच्या लिलावात तुझ्या दादाने घेतला होता. पांढऱ्या सोंगट्या चौदाच निघाल्या, म्हणून पंधरावीच्या जागी त्याच्या कोटाचं पितळी बटण. तू नेहमी पांढऱ्या घ्यायचीस, आणि बटणाची सोंगटी मागे राहिली की म्हणायचीस, दादा, तुझा गार्ड शेवटच्या डब्यातच बसणार. बटण मी घासून ठेवलंय.

आता त्या दिवसाकडे येते. तू म्हणशील, कुठला दिवस? तुला कळलंय कुठला. एक्केचाळीस वर्षं झाली. तुझी शाळेची सुट्टी संपत आली होती. त्याच सुट्टीत तू माझ्यासाठी पाटी आणली होतीस, रोज दुपारी एक अक्षर. माझी नऊ अक्षरं झाली होती. संध्याकाळी तुमचा शेवटचा डाव रंगला. तुला चार आणि दोन पडले. दादाची एक काळी सोंगटी तुझ्या टप्प्यात एकटी उभी होती. एकटी असली की मारता येते आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून निघते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी दारातून ओरडले, मार ना तिला! तू मारलं नाहीस. तू आपल्या दोन सुट्या सोंगट्या एका खणात आणून शेजारीशेजारी ठेवल्यास, दोन एकत्र असल्या की त्यांना मारता येत नाही म्हणून, आणि मागे न बघता म्हणालीस, वहिनी, आधी अक्षरं पुरी कर, मग डावात बोल. दादा हसला. पुढच्याच दानाला त्याला सहा-सहा पडले, त्याची एकटी सोंगटी निसटली आणि तू हरलीस. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन पातेली जरा जास्तच जोरात घासली.

पण पाटी मी दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकली. तू विचारलंस तर वेळ नाही म्हटलं. दारातही पुन्हा उभी राहिले नाही. आतूनच फाशांचा आवाज ऐकायची आणि तुमच्या गप्प बसण्यावरून कोण जिंकतंय ते ओळखायची. तू दर सुट्टीत येत राहिलीस, मी दर सुट्टीत तुझ्या आवडीचं रांधत राहिले, आणि आपण दोघी जणू काही झालंच नाही अशा वागलो. मनात मात्र मी तो डाव जसाच्या तसा मांडून ठेवला होता. ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला विसरणं परवडत नाही. मी बरोबर होते आणि शहाण्या मास्तरणीने माझं ऐकलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी खूप वर्षं सुखात काढली.

तर गेल्या आठवड्यात मी भाच्याला म्हटलं, मी सांगते तशा सोंगट्या लाव आणि जावईबापूंना विचार. त्याला ती सोय आहे. आपण मांडलेला डाव ते क्षणात हजार वेळा खेळून बघतात आणि कुठली चाल बरी ते सांगतात. मी एकेक सोंगटी सांगितली, तीस सोंगट्या, एकही चुकली नाही. चार-दोनचं दान दिलं. मी पदर खोचून उभीच होते, तुला फोन कसा करायचा, पहिलं वाक्य काय टाकायचं, सगळं ठरलं होतं. जावईबापूंनी उत्तर दिलं. भाच्याने ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, बोल की रे. तर म्हणाला, आई, शंभरात अठ्ठावन्न वेळा आत्या जिंकली असती. तुझ्या चालीने तिचे त्रेचाळीसच. मी म्हटलं, पुन्हा विचार. पुन्हा तेच. त्या दिवशी तुझं दान खोटं पडलं, चाल खोटी नव्हती.

हे मी तुला सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? मुलगा माझा, सून माझी, जावईबापू मुके. पण सांगते. चाल तुझी बरोबर होती. बोलणं तुझं चुकलं होतं. माझी चाल चुकली होती, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे तुझ्यावर रुसून मी नऊ अक्षरांवर थांबले. नुकसान कुणाचं झालं? तुझं तर नाहीच. सूनबाईने इथे पेन खाली ठेवलंय आणि माझ्याकडे बघतेय. लिही गं, बसथांबा नाहीये इथे.

आता तुझं ते वाक्य. मी ये म्हटल्यावर तू म्हणाली होतीस, दादा नाही आता, वहिनी, तिथे येऊन मी कुणासमोर बसू? आणि फोन ठेवलास. तुझ्यासमोर बसण्यासारखं माझ्याकडे काय होतं? दुसऱ्याच दिवशी मी नातीचा टॅबलेट कपाटातून काढला आणि निशाणावर बोट ठेवलं. तर हे उत्तर. माझ्यासमोर बस. खुर्ची विणून झाली, दांडा बसला, खाट खिडकीपाशी आहे, पट पुसलाय, पांढऱ्या तुझ्याच आणि बटणही तुझंच. मी काळ्या घेईन आणि उलट्या बाजूने पुन्हा शिकेन. चार-दोनच्या दानाला काय करायचं ते तुला मी सांगायला नको. दोन सुट्या असतील तर शेजारीशेजारी आणायच्या. शंभरात अठ्ठावन्न, जावईबापूंचा शब्द. त्या पूर्वेच्या खिडकीवाल्यांना नकार कळव, आणि भाचा शनिवारी गाडी घेऊन येतोय त्याला परत पाठवू नकोस. येताना खडू आण. पाटी माळ्यावरून खाली आली आहे, कोपऱ्याला तडा गेलाय, पण नऊच्या पुढची अक्षरं मावतील. आज नाव सूनबाई लिहितेय. पुढच्या पत्रावर माझं मीच लिहीन म्हणणार होते, पण तू इथेच असलीस तर पत्र लिहू कुणाला? जावईबापूंना लिहीन. बघू तरी, उत्तर देतात का.

तुझीच, दाराची जागा सोडून तुझ्यासमोर येऊन बसलेली,
वहिनी