दुसरी किल्ली

शारदाचे बाबा,

आज कळमनुरीच्या बाजारात मालकांची मोटार दिसली. तीच, जिच्यापायी तुमी गेले! मालक माझ्या भावाला म्हणाले, "मिस्त्री चांगला होता, पण बिडीनं घात केला." भाऊ त्यांचंच शेत करतो. तो म्हणाला, "व्हय मालक." म्हणून लिहून राहिले. दुसऱ्या कोणाला सांगू?

तुमी अन् इंजिनापाशी बिडी! गिऱ्हाईकाची काडेपेटीसुदिक शेडबाहेर ठेवायला लावायचे तुमी.

हाताखालचा गडी सोडून गेला, तवा तुमी इचारलं, "गोदे, हँडल मारशील का?" बाईमाणसानं मोटारीच्या तोंडाशी उभं राहून इंजिन फिरवायचं हँडल मारायचं! हिंगोलीची ती सारी गल्ली हसली. तुमी न्हाई हसले. माझा अंगठा बोटांच्याच बाजूला आणून ठेवला. "हँडल उलटं आलं तर मनगट मोडतंय," म्हणाले.

तुमी कंप्रेशन म्हणायचे, मी इंजिनाचा दम म्हणायची. तो बघायचा म्हणलं की तुमचं सोवळं सुरू! गाडी गिअरातून काढायची, चाकांना दगड लावायचे, प्लगच्या वायरी सोडवायच्या अन् ठिणगी पडू नये म्हणून किल्ली आपल्या खिशात टाकायची. मग प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबायचे, अन् मी हँडल फिरवायची. आतल्या हवेनं अंगठा उडवला की कसे खुलायचे तुमी! "हे सिलिंडर जित्तं हाय, गोदे!"

त्या दिवशी मालकांना लग्नाला जायची घाई होती. शेवटच्या सिलिंडरात दमच लागंना. तुमी म्हणाले, "मालक, वॉल्व्ह जळालाय. आज गाडी निघायची न्हाई."

"कशी निघत न्हाई? मीच चालू करतो," म्हणून ते आत जाऊन बसले.

"थांबा मालक," म्हणाले तुमी, अन् मला म्हणाले, "अजून एकदा फिरव." मी फिरवलं. त्याच वक्ताला मालकांनी आपल्या खिशातली दुसरी किल्ली लावली! सुटलेल्या वायरीतून ठिणगी उडाली, भोकातून पेट्रोलची वाफ येतच होती. जाळ थेट तुमच्या तोंडावर. तेलानं भिजलेला सदरा पेटायला कितीसा येळ? मी गोणपाट टाकलं, हातांनी इझवलं. दवाखान्यात पाणी मागत मागत गेले तुमी.

फौजदारासमोर मालक बिडी म्हणाले. मी किल्ली म्हणाले. फौजदार हसला, "बाईला मोटारीतलं काय कळतं?"

तुमचा बी राग येतो मला. मालकाजवळ दुसरी किल्ली असंल, हे काहून मनात आलं न्हाई? नुसतं "थांबा मालक" काहून म्हणाले? वरडले काहून न्हाई?

आपल्या शेडमधी आता कुणाच्या तरी कापसाच्या गोण्या हायेत. आमी मायलेकी भावाच्या ओसरीवर राहतो. आज बाजारात मी मोठ्यानं म्हणाले, "बिडी न्हाई, किल्ली!" मालकांनी ऐकलंच न्हाई असं केलं. घरी येताना भाऊ म्हणाला, "पुन्ना असं बोललीस तर दुसरं घर बघ."

जेवताना शारदानं इचारलं, "आई, बाबा बिडीनं जळाले का?" भाऊ माझ्याकडं बघून राहिला. मी म्हणाले, "जेव आधी, उद्या सांगते."

उद्या सकाळी त्याच्यासमोरच तिला सांगीन, जसं झालं तसं. तुमाला शब्द देते. मग आमी कुठं जाऊ, ते मला ठाऊक न्हाई.

तुमचीच,
गोदा