पासपोर्टवरचं कुंकू

अल रीम आयलंड, ३ जून

ती. चारुकाकांस,

मुग्धाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूचा रक्तदाब कसा आहे? आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझं जुनं मतदार कार्ड हरवलं. ते चूक आहे. ते हरवलं असं तुम्ही फोनवर सांगितलं, एवढंच मला माहीत होतं. (शाळेत जाण्याआधी दोन वर्षं तुम्हीच मला घरी शिकवलंत; ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहायचं, हेही तुम्हीच.) अडचण अशी की परदेशातली मतदार म्हणून नाव घालताना फॉर्मवरही मी तेच लिहून सही केली आहे.

आता ओळखपत्राचं. आम्हा परदेशातल्यांना बूथवर आधारबिधार चालत नाही, फक्त मूळ पासपोर्ट. म्हणून तो देवाखालच्या खणातून काढला. खंडेनवमीला आई घरातल्या हत्यारांची पूजा करते. इथे हत्यारं म्हणजे गाडीची किल्ली, बाबांचा लॅपटॉप आणि तिघांचे पासपोर्ट. एरवी कुंकू कव्हरवर पडतं. गेल्या वेळी एसीच्या वाऱ्याने माझा उघडला असावा. आईने हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं आणि न बघता मिटून ठेवला. फोटोत माझ्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल ओघळ आहे. बाबांनी ओल्या फडक्याने पुसल्यावर गालही लाल झाले. पासपोर्टच्या काउंटरवर रोशन नावाचे गृहस्थ होते, त्यांनी मला चष्मा काढायला लावून बराच वेळ ताडून पाहिलं. म्हणाले, "मॅडम, नंबर क्लियर है. फेस का इन्शाल्ला." नवा काढला तर नंबर बदलणार, आणि फॉर्मवर जुना आहे. म्हणून काढला नाही.

हे तुम्हाला कळवलं तर दहा मिनिटांत तुमचा मेसेज आला: 'एवढी दगदग कशाला? आली नाहीस तरी चालेल.' काका, गणपतीला यायला जमत नाही म्हटलं तर तुम्ही महिनाभर बोलत नाही. मग रविवारी वैभवी (तुमची मुलगी असूनही तिच्या पोटात काही राहत नाही) फोनवर म्हणाली, "ताई, मागच्या निवडणुकीला येऊन गेलीस आणि घरी नाही आलीस? बाबांच्या बूथवरच्या यादीत तुझ्या नावापुढे मत दिल्याची टिक होती." त्या दिवशी मी इथे ऑफिसात होते. हजेरीचा प्रिंट सोबत जोडला आहे. मी कुणावर आळ घेत नाही. पण त्या कार्डावरचा फोटो इतका काळा आला आहे की कोणतीही बाई मुग्धा ठरेल, आणि मी काकूसारखी दिसते असं तर बारशापासून सगळे म्हणतात.

या पोटनिवडणुकीलाही बूथवर पोलिंग एजंट म्हणून तुम्हीच बसणार. माझं हे पहिलं मत आहे (निदान मी स्वतः दिलेलं). माझ्या चेहऱ्यावर आक्षेप घेणार असाल तर आधी कळवा.

तुमची,
मुग्धा

ता. क. कार्ड तुमच्या कपाटात जुन्या पंचांगांखाली असावं. ते मला द्या. मी निवडणूक कार्यालयात जमा करून चूक लिहून देईन. काकूचं नाव मी आपणहून घेणार नाही. विचारलं तर मात्र घ्यावं लागेल.

ता. क. दुसरा. आई म्हणते, फोटोशी जुळावं म्हणून मीच नाकापर्यंत कुंकू ओढून जावं. मी नाही म्हटलं, पण करंडा बॅगेत ठेवला आहे. मतदान गुरुवारी आहे. कार्ड घ्यायला मी आदल्या दिवशी सकाळी तुमच्या दारात येते: बुधवार, १७ जून.