दक्षिणेच्या खिडकीतली बोगनवेल

मी, गहिनीनाथ परमेश्वर घुले, वय ७१, धंदा बोअरच्या गाड्या, राहणार लिंबागणेश, ता. जि. बीड, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, नशापाणी न करता, राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. एका झाडाने ते जरा हलवलं आहे. ते कलम ३ मध्ये येईल.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. दुसऱ्याच्या गाडीवर रॉड उचलता उचलता मी जमिनीखालचा आवाज ऐकायला शिकलो. हातोड्याचा सूर बदलला की पाणी जवळ आलं, हे मी आधी सांगायचो. आष्टीचे सुंदरराव "कान हायेत का टेलिफोन बे?" म्हणून चारचौघांत हसायचे, आणि स्वतःच्या शेतात बोअर घ्यायला मलाच बोलवायचे. त्यांना माझा जुना रेडिओ द्यावा. ऐकत बसतील.

२. दोन्ही गाड्या व मांजरसुंब्याचा गाळा धाकटा मुलगा युवराज यास.

३. लिंबागणेशचे राहते घर. हे कलम मी तीनदा लिहून खोडले. आधी घरही युवराजच्याच नावे होते. थोरला रविराज चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याची पत्नी शिवकन्या आमच्याकडेच राहते.

दक्षिणेच्या खिडकीतली बोगनवेल, हातभर सुद्धा उंची नाही, मी नऊ वर्षांपूर्वी बीडच्या प्रदर्शनातून आणली. तारेने वळवली, छाटली, रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घातले. मी हंड्यांच्या रांगेत वाढलेलो. घरातला जीव तहानलेला ठेवणे मला जमत नाही. पाने हिरवीगार. नऊ वर्षांत फूल मात्र एक नाही.

जानेवारीपासून मी चाळीस दिवस दवाखान्यात होतो. शिवकन्येला बजावून गेलतो, रोज तांब्याभर. परत आलो तर पान दिसेना, इतकी गुलाबी फुललेली. मी आत पडलो होतो. ओसरीवर युवराजला वाटले, म्हातारा झोपला.

"वैनी, आठ-आठ दिवस पाणी घातलं न्हाई तुमी. मी बघितलंय. माझ्या बापाचं एवढं काम व्हईना, तर इथं राहता कावून? माहेरी जावा की."

दुसऱ्या दिवशी मीच शिवकन्येला विचारले.

"न्हाई घातलं, मामा. रोज मातीत बोट घालून बघायचे. वाळली असली तरच घालायचे."

"मी रोज सांगितलं होतं ना?"

"व्हय. पण ओल्यात अजून कसं ओतू?"

तेव्हापासून माझा गोंधळ चालू आहे. तिने माझे ऐकले नाही, हे खरे. युवराज खोटे बोलला नाही, तीही नाही. दोनशे फुटांखालचे पाणी मला ऐकू येते, आणि बोटभर खालची ओल नऊ वर्षे कळली नाही? की यंदा ते फुलणारच होते? आणखी एक वर्ष पाहिले तर उलगडेल. पण डॉक्टर वर्षाचे नाव काढत नाहीत.

म्हणून, न उलगडताच लिहितो. घर शिवकन्येचे. तिने राहावे, विकावे, दुसरे लग्न करून त्यातच संसार मांडावा. तिला कोणी 'कावून' विचारू नये. युवराज, मी जागा होतो.

४. बोगनवेल, कात्री व तार तिलाच. झाडाला पाणी किती, यासाठी मी एक ओळ सोडली होती. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही. तर तिथे लिहितो: शिवकन्येला विचारावे.

सही: गहिनीनाथ परमेश्वर घुले

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत वाचून सही केली, म्हणून आमच्या सह्या:
१. हनुमान बिभीषण गर्जे, गाडीचालक
२. छबुबाई धर्मराज ढाकणे, शेजारी

ठिकाण: लिंबागणेश
दि. ९ मार्च २०२५