गेलेले पोपडे परत मिळण्याबाबत

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी दोन अंगं वगळून).

तुमची तब्येत कशी आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? हल्ली शिडी चढताना तुम्हाला धाप लागते असं ताई फोनवर म्हणाली आणि जीव कासावीस झाला. बारा वर्षं बोलला नाही आणि आज याला माझी धाप कुठून आठवली, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण खुशाल आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय.

आमची गल्ली तुम्ही पाहिलीत तर ओळखणार नाही. (मीच परवा आपलं सलून ओलांडून पुढे गेलो होतो.) समोरच्या वाण्याला भाडं झेपेना, तो गावाबाहेर मुलाकडे गेला. तिथे आता वासाच्या मेणबत्त्या मिळतात. लाइट गेले तर असावी म्हणून एक आणायला गेलो, तर दुकानातली मुलगी म्हणाली, काका, ही पेटवायची नसते. सायकल दुरुस्तीवाल्याच्या जागी कॉफीचं दुकान आलंय आणि छताला एक सायकल उलटी टांगलीय. मी आपलं माणुसकीनं म्हटलं, पंक्चर असेल तर उतरवा, दुरुस्तीवाल्याचा नवा पत्ता आहे माझ्याकडे. त्यावर सगळे हसले आणि माझा फोटो काढला. का काढला, देव जाणे.

मग आमच्या गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला, महिनाअखेर सलून रिकामं कर. बाबांच्या हातचं सलून, दाजी! पण मालकानं गल्ली सजवायला एक बाई नेमल्यात, त्या आत आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मालकाला म्हणाल्या, याला हलवायचं नाही, हा गल्लीचा जीव आहे. मालक मला म्हणाला, राहा बाबा, आहेस तसा राहा. आता ‘आहेस तसा’ म्हणजे काय, हे विचारून घ्यायला हवं होतं. मला वाटलं मी, म्हणजे मी. त्यांना हवी होती भिंत.

आनंदाच्या भरात मी काय केलं, तर एक रंगारी बोलावला (तुम्हाला नाही, राग मानू नका), भिंत झाडून, वर पुट्टी भरून गुळगुळीत करून घेतली आणि वर पांढराशुभ्र, धुता येणारा, दहा वर्षांच्या हमीचा रंग. चांगल्या वस्तीत चांगलं दिसावं माणसानं! मोठ्या हौसेनं बाईंना दाखवायला बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या. पाणी मागितलं. मग म्हणाल्या, “पोपडे कुठे गेले?”

दाजी, तीस वर्षांत लोकांनी मला हरवलेली छत्री विचारली, चष्मा विचारला, एकानं तर कवळी विचारली. पोपडे कोणी विचारले नव्हते. मी अभिमानानं सांगितलं, केरात टाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालक म्हणाला, असली चकचकीत सलूनं पन्नास मिळतील, पंधरा तारखेच्या आत भिंत होती तशी कर, नाही तर किल्ली दे. मी कॉफीवाल्यांच्या भिंती जुन्या करणाऱ्या कारागिरांना आणलं. (होय, असे कारागीर असतात. त्यांच्याकडे आठ दिवस खरवडत होते.) त्यांनी बाईंच्या मोबाइलवर आपल्या जुन्या भिंतीचे फोटो पाहिले आणि कानाला हात लावला. म्हणाले, असे पोपडे आमच्यानं व्हायचे नाहीत, मूळ माणूस शोधा.

त्यातच मास्तर आले. ते आता लांब राहायला गेलेत, पण केस कापायला दोन बस बदलून माझ्याकडेच येतात. दारावरून तीनदा पुढे गेले, मी धावत जाऊन हाताला धरून आणलं. बसल्यावर चष्मा लावून आरशाशेजारची भिंत बघत राहिले. तुम्हाला ठाऊक आहे, पोर खुर्चीच्या हातांवर आडवी फळी न ठेवता बसायला लागलं की बाबा तिथे त्याच्या उंचीची पेन्सिलीनं रेघ मारायचे आणि शेजारी नाव लिहायचे. मास्तरांच्या मुलाची रेघ तिथे होती. तो मुलगा आता नाही. मास्तरांनी केस कापून घेतले आणि ते गेले. मला फार वाईट वाटलं, दाजी. दुपारभर दुकान बंद ठेवलं.

असो. ताईला नमस्कार. बाकी काही काम नव्हतं, सहज लिहिलं.

तुमचा मेहुणा

ता.क. बारा वर्षांपूर्वी तुम्ही सलून रंगवलंत, सहा महिन्यांत पोपडे आले, आणि ‘दाजी शिडीवरून उतरेपर्यंतही यांचा रंग टिकत नाही’ असं मी चारचौघांत बोललो. ते शब्द मी मागे घेतो. म्हणजे खरे होते, पण मागे घेतो. कृपा करून या आणि तस्संच रंगवा. तोच ब्रश, रंगात तेवढंच पाणी, भिंत वाळू न देण्याची तीच घाई. मधल्या काळात हात सुधारला असेल तर कृपया विसरा.

ता.क. २. तेव्हा सहा महिने लागले होते. पंधरा तारखेला अकरा दिवस आहेत. थोडं आणखी वाईट जमेल का?

ता.क. ३. एक सांगायचं राहिलं. तेव्हा तुमच्या रंगाखाली रेघाही गेल्या होत्या. पोपडे पडले तशा एकेक करून परत दिसायला लागल्या. मी बाहेर तुमच्या नावानं ओरडायचो आणि आत येऊन रेघा मोजायचो. हा हमीवाला रंग मेला एक पोपडा सोडत नाही. म्हणून आरशाशेजारी आधी तुम्हीच हलक्या हातानं खरवडा, दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही. ताईलाही आणा. सगळ्यांत खालची रेघ तिची, नेमकी कुठे होती ते तिलाच ठाऊक. गुडघे दुखले तर खुर्ची आहे. फळी मी बाजूला काढून ठेवतो.