माझ्या शब्दावर दिलेली एकेचाळीस नावं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, शाळेची स्वयंपाकीण (निवृत्त नव्हे, काढून टाकलेली), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे; डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात बरंच काही मोठ्या बाईंच्या नावे होतं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याआधी माझी बाकावरची मैत्रीण. तिच्याकडे डबा नसायचा, माझ्याकडे अर्धा असायचा. भूक काय असते हे तिला मी सांगायची गरज नव्हती, म्हणून तर मी तिचं ऐकलं.

कलम १. राहतं घर. दोन खोल्या आणि मागचा नळ. हे घर माझ्या पुतण्याला द्यावं. पण माझ्या मनात ते दुसऱ्याच कोणाला द्यायचं होतं, त्याचं कारण नोंदवून ठेवते.

ज्या वर्षी गरीब मुलांना शाळेत फुकट जेवण आणि अशा प्रत्येक मुलामागे शाळेला जादा अनुदान मिळायचं ठरलं, त्या वर्षी एकाही पालकाने अर्ज भरला नाही. आपली गरिबी आपल्याच हाताने कोण लिहून देणार? मोठ्या बाई स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर बसल्या.

"अगं, तू जा. मी गेले की लोक खुर्ची पुसायला धावतात. तुझ्याशी बोलतील."

"नावं बाहेर फुटणार नाहीत ना?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता. तीन आठवडे काम संपवून मी दारोदार फिरले. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी बाई राहते. तिने मशीन थांबवलं नाही, मानही वर केली नाही. "कोणाला कळलं तर माझी पोर मान खाली घालून चालेल," म्हणाली. मी म्हटलं, "कळणार नाही. माझा शब्द." तेव्हा तिने सही केली. अशी एकेचाळीस नावं मी आणली.

अनुदान आलं. त्यातून कच्च्या मुलांसाठी जादा शिक्षक यायचे होते, ते आले नाहीत. सभागृहाला मखमली पडदा आला, ऑफिसात काचेची कपाटं आली. आणि एका सोमवारी जेवणाच्या खोलीच्या दारावर एकेचाळीस नावांची यादी लागली. त्या मुलांना पिवळी कार्डं, हात धुवायच्या जागेजवळ वेगळी रांग. दुपारपर्यंत त्यांचं नाव 'पिवळे' पडलं होतं.

शिवणकामवालीची नऊ वर्षांची मुलगी ताट न घेताच माझ्यासमोर उभी राहिली. "मावशी, मला भूक नाहीये." चार दिवस तिला भूक नव्हती. पाचव्या दिवशी ती शाळेतच आली नाही.

मी यादी फाडली आणि तशीच, हात न पुसता, ऑफिसात गेले.

"अगं, नियमच आहे तसा."

"आणि पडदा? तो कुठल्या नियमात बसतो?"

तिने उठून दार लावलं. "इथे मला बाई म्हणायचं. आणि नावं मी नाही आणली. तू आणलीस."

आठवड्याने पत्र मिळालं. विद्यार्थ्यांची गोपनीय माहिती फोडल्याबद्दल मला कामावरून कमी केलं होतं. तेच पत्र पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. सव्वीस वर्षं ज्यांच्या मुलांना वाढलं, ते त्या दिवसापासून मला पाहून रस्ता बदलू लागले.

ती मुलगी आता आईच्या शेजारी बसून काजं करते. घर तिच्या नावे करावं म्हणून मी गेल्या महिन्यात विचारायला गेले. आईने उंबऱ्यावरच थांबवलं. "माझ्या मुलीचं नाव परत कुठल्या कागदावर घालू नका," एवढंच म्हणाली. म्हणून घर पुतण्याला. तो मालाची गाडी चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. निदान नळ तरी बदलून घे म्हणावं.

कलम २. बँकेतली शिल्लक. जिथे सगळ्या मुलांना एकाच रांगेत, कार्ड न मागता जेवण मिळतं, अशा शाळेला द्यावी. पुतण्याने जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन पाहावं, मुख्याध्यापकांना विचारत बसू नये. अशी शाळा सापडली नाही तर शोधत राहावं.

कलम ३. मोठा डाव आणि माझ्या दोन सुऱ्या माझ्यानंतर आलेल्या स्वयंपाकिणीला द्याव्यात. तिच्यावर माझा राग नाही. वाढताना डाव तळापर्यंत घाल, वरवरचं पाणी वाढू नकोस, एवढं तिला सांगावं.

कलम ४. मोठ्या बाई यंदा निवृत्त होत आहेत. त्यांनी पुतण्यामार्फत निरोप पाठवला, "सगळं विसरून समारंभाला ये, जुन्या मैत्रिणी स्टेजवर शोभतील." मी जाणार नाही. माझ्यामागे माझा फोटो शाळेत लावू नये, माझ्याविषयी भाषण करू नये. बाकावरचा आमचा दोघींचा फोटो ट्रंकेत आहे. तो त्यांना पोचता करावा. मी फाडायला घेतला होता, फाडवला नाही.

कलम ५. दुखण्यात माणूस मवाळ होतं. मोठ्या बाई अंथरुणापाशी आल्या, हात हातात घेतला आणि माझ्या तोंडून "जाऊ दे, झालं ते झालं" असं निघालं, तर ते बोलणं ग्राह्य धरू नये. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे, आणि आज मी तिला माफ केलेलं नाही.

वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकाची खोली
दिनांक: ९ सप्टेंबर, सकाळी अकरा

(सही) लिहून ठेवणार, माजी स्वयंपाकीण

साक्षीदार:
१. (सही) शेजारचे घड्याळजी
२. (सही) डॉक्टरीणबाई