गालातली काडी

८ सप्टेंबर, सोमवार
गणपती गेले, मखर अजून उभंच. सकाळी चहा घेऊन फोनवर बसले, भजनी मंडळातल्या एकेकीची तब्येत विचारायला. कुंदा, आमची पेटीवाली: "मान ठीक, डोकं जड." नेऱ्याची हिराबाई, टाळ वाजवते: "पाय सुजलेत गो मालूताय, चपलेत जात नाय." अंजली, खारघरच्या टॉवरातली, माझ्यामागे गाते: "काकी, बीपी बॉर्डरला आलंय, स्ट्रेस असेल." कुंदाची सासू बरी. हिराबाईची म्हैस बरी. सगळ्या दुखण्यांचं खापर मोदकांवर फोडून झालं.
मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं. मालतीबाई, तुम्ही कशा? पाय घट्ट, जोडवी रुतलेली, जिना चढताना छातीत धडधड. बाकी झक्क.

९ सप्टें.
डॉक्टरकडे. बीपी पुन्हा वर. गोळी पुन्हा वाढवली. म्हणाले, "आजी, असंच राहिलं तर नवरात्रात स्टेजवर गाणं नाही. सांगून ठेवतो."
२९ ला देवळात बारी आहे, दोन मंडळांचा भजनाचा सामना. समोर कोन गावचं मंडळ. आधी ते, मग आम्ही. पहिला अभंग मी उचलायचा, काळी पाचमध्ये, पेटीच्या त्या वरच्या सुरात. तालुक्यात बायकांत त्या सुरात गाणारी मी एकटी. आणि हा कालचा पोरगा म्हणतो गाणं नाही.
रात्री जेवले नाही. (जेवले. पण भात कमी.)

१० सप्टें.
हे म्हणाले, एकदा वैद्याकडे जाऊ. झाडपाल्याचं औषध, त्याला साइड इफेक्ट नसतो. जुन्या पनवेलात एक वैद्यबाई आहेत, ह्यांच्या मित्राचं पित्त त्यांनीच घालवलं. फोन केला. त्यांच्याकडची मुलगी म्हणाली, येताना रिपोर्ट, चालू गोळ्या, चूर्णं, काढे, तोंडात जातं ते सगळं घेऊन या.
हे: "कवळीपण?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या विनोदावर अजून औषध मिळालेलं नाही.

१२ सप्टें., शुक्रवार
आज गेलो. सगळं लिहून ठेवते, उद्या कुणाला जायचं झालं तर उपयोगी पडेल.
एक. पाहुणे येणार म्हणून घर झाडतो तशी मी सकाळी जीभ घासून लख्ख केली. दोनदा. वैद्यबाईंनी जीभ बघितली आणि तोंड कडू केलं. "घासलीत?" म्हटलं, हो तर, स्वच्छ! "मग मी काय बघू? सोमवारी न घासता या." चारचौघांत अशी शोभा.
दोन. मला वाटलं होतं, नाडी धरतील, डोळे मिटतील, आणि माझ्या पोटातलं मलाच सांगतील. छे. नाडी धरली, पण आधी आपलं नेहमीचं बीपीचं मशीन लावलं, मग तासभर प्रश्न. झोप कशी, भूक कशी, तहान किती, शौचाला कधी, कसं, तरंगतं की बुडतं. हे शेजारीच. मी लाजून गप्प, तर हे माझ्या वतीने उत्तर देताहेत! "तिला ना, सकाळचं..." पाय दाबला ह्यांचा. सुजलेल्या पायाने दाबला, तरी लागला असावा.
तीन. "काही व्यसन?" म्हटलं, भजनाचं. "चघळायची काही सवय? तंबाखू, मिश्री, सुपारी?" छे हो, माळकरी घर आमचं. "मग गालात काय आहे?"
आता गालात काय असणार. ज्येष्ठमधाची काडी. बाहेर बाकावर बसताना घातली होती, सवयीने. म्हटलं, काही नाही, ज्येष्ठमध.
बाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसातून किती?"
पान खाणारा मोजतो का? एक चोथा झाली की दुसरी. गळा साफ राहतो.
"कधीपासून?"
काळी पाच लावायला लागले तेव्हापासून.
त्यांनी समजावून सांगितलं. गोड बोलल्या, पण सोडलं नाही. ज्येष्ठमध थोडं असेल तर गळ्याला चांगलं, पण असं दिवसभर, महिनोन्‌महिने पोटात गेलं तर अंगात पाणी धरतं, बीपी चढवतं, रक्तातला एक क्षार कमी करतं, त्याने छाती धडधडते. डॉक्टर वरून गोळी वाढवताहेत आणि मी खालून काडी.
हे म्हणाले, "पण झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो ना?"
"काका, धोतरापण झाडच आहे."
शेवटी मी हात पुढे केला. पुड्या बांधतील, काढा देतील. एक चमचा चूर्णसुद्धा दिलं नाही! म्हणाल्या, औषध हेच की काडी बंद. डॉक्टरांची गोळी अजिबात थांबवायची नाही. रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना चिठ्ठी देते. वर माझा काड्यांचा डबाही ठेवून घेतला.
रिक्षात हे: "लोक वैद्याकडून औषध आणतात. आपण देऊन आलो."

१३ सप्टें.
गालाला कळत नाहीये काय करावं. लवंग नको, वेलची नको. जीभ सारखी काडी शोधते. आवाजाला गंज चढल्यासारखा.
ह्यांच्यावर ओरडले, तेही खर्जात.

१५ सप्टें., सोमवार
जीभ न घासता गेले. बाईंनी बघितली, "हं," म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये काय काय होतं ते देवाला माहीत. रक्तात तो क्षार कमीच निघाला.
तिथून चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे. त्यांनी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "आजी, मी दर वेळी विचारतो, अजून काही औषध घेता का. का नाही सांगितलं?"
औषध कुठे, ज्येष्ठमध आहे ते. मी गळ्यासाठी खाते.
"म्हणजे औषधच ना!"
खरं तर हो. पण हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. धडधड जास्त झाली तर लगेच या म्हणाले. क्षाराची वेगळी गोळी लिहून दिली.

१७ सप्टें.
तालीम, कुंदाकडे. आजचं लिहायला नको वाटतं, पण लिहिते.
कुंदाने सवयीने काळी पाच धरली. मी अभंग उचलला. "सुंदर"पर्यंत बरा गेला, पुढे आवाज असा फाटला की कुंदाची सासू आतून धावत आली, काय पडलं म्हणून. म्हटलं, माझा डबा वैद्यबाईंकडे आहे. आणि सगळं सांगितलं. पाणी धरतं, बीपी चढतं, पाय, धडधड.
हिराबाईने हळूच पदराची गाठ सोडली. आत काड्या. कुंदाच्या चष्म्याच्या डबीत काड्या. अंजलीच्या पर्सला तर खास चेनचा कप्पा होता.
म्हटलं, अगं तुम्ही पण?
हिराबाई: "तूच देतेस की दर तालमीला, मूठ मूठ. परसादासारखी. नाय कसं म्हनायचं?"
हो, देते. गळा बरा राहावा म्हणूनच.
"आमचा गळा बराच होता," कुंदा म्हणाली. पेटीकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही. "तुमची काळी पाच गाठायला खातो आम्ही."
अंजली म्हणाली, "काकी, सॉरी, पण खरंच खूप हाय जातं. घरी गेल्यावर मला दोन दिवस बोलता येत नाही. नवऱ्याला आवडतं, ते वेगळं."
हसल्या सगळ्या. मीही हसले. पण चहाला न थांबता घरी आले.

१८ सप्टें.
काही लिहायचं नाही.
एवढंच, की तिघींना वैद्यबाईंचा नंबर दिला. आणि बजावलं, जीभ घासून जाऊ नका.

२० सप्टें.
जोडवी फिरली! पहाटे अंथरुणात उगाच फिरवत बसले. बीपी उतरायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, असंच राहू दे, गायला हरकत नाही.
गायला हरकत नाही. पण काय गाऊ? काळी पाच लागत नाही. काल मोरीचा नळ सोडून, आवाज झाकून प्रयत्न केला. नाही लागत. कोनच्या मंडळाची ती शांताबाई पहिल्या रांगेत बसून ऐकणार आणि म्हणणार, मालती संपली.

२२ सप्टें., घटस्थापना
घट बसले. सकाळी नैवेद्याचा शिरा हलवता हलवता अभंग म्हणत होते, सहज, खालच्या सुरात. शिरा हलवताना कोण काळी पाच लावतं. हे देवघरातून आत आले, झारा हातातून घेतला, म्हणाले, "म्हण की पुढे."
का हो?
"इतकी वर्षं तुझा आवाज ऐकला. शब्द आज कळले."
शिरा थोडा लागला खाली. देवीला वरचा वाढला.

२४ सप्टें.
तालीम. मी कुंदाला म्हटलं, खाली ये, काळी तीन धर. तिने दोनदा विचारलं, तीनच ना? मग धरली.
हिराबाईला आवाज आहे! एवढी वर्षं माझ्या मागे नुसते ओठ हलवत होती बया. आज ऐकला. आंबेमोहोर भातासारखा, मऊ आणि वास असलेला. अंजली तर दुसऱ्या ध्रुपदाला डोळे मिटून डोलत होती.
चहाच्या वेळी हिराबाई म्हणाली, "आता कसं बरं वाटतंय. आदी वाटायचं कुनीतरी मागं लागलंय."
सगळ्या खूश. मी पण खूश आहे, असं सगळ्यांना वाटलं.
मला बसक्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं काळी तीनला. आरामाचं आहे. पण लोक बघायला येतात ते मला उभी राहिलेली बघायला.

२६ सप्टें.
कोनचं मंडळ शेजारच्या गावी गायलं, अंजलीने व्हिडिओ पाठवला. शांताबाईने काळी पाच लावली. पहिल्यांदाच. माझी नक्कल. गालात काहीतरी होतं तिच्या, नक्की. डाव्या.
दोनदा बघितला व्हिडिओ. एकदा रागाने. दुसऱ्यांदा तिचे पाय बघितले. चांगलेच सुजलेत. सोमवारी भेटली की सांगेन तिला. बारीच्या आधी सांगू की नंतर?

२७ सप्टें., शनिवार
दुपारी शेवटची तालीम. कुंदा विचारते, काय ठरलं, तीन की पाच? अंजली म्हणाली, तीनच. हिराबाई म्हणाली, मालूताय सांगेल ते.
हळूच मोबाइल काढला आणि वैद्यबाईंना लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवते:
"नमस्कार. पाय उतरले, जोडवी फिरतात, धडधड नाही, झोप लागते. शौच तुम्ही म्हणालात तसं. एक विचारायचं होतं. फक्त सोमवारी, फक्त पहिल्या अभंगापुरती, एकच काडी चालेल का? अर्धी? नाही म्हणालात तर नाही, मी ऐकणारी आहे. पण नाही म्हणायचं असेल तर जरा समजावून लिहा, म्हणजे मला इथे तिघींना सांगता येईल की मी घाबरून खाली आले नाही. आणि शांताबाई म्हणून कोनच्या आहेत, त्यांना तुमचा नंबर देते आहे, त्यांना आधी बघा. उत्तर लवकर लिहा, कुंदा पेटीवर बोट धरून बसली आहे."