धावदोऱ्याची वाट

सोमवार
आलो बाई एकदाच्या! घर गावाच्या टोकाला, पण ऐसपैस. मागच्या दारातून थेट शेत, शेतापलीकडे नदी. नातीला इथल्या जुन्या वस्त्यांचा इतिहास गोळा करायचं काम मिळालंय आणि तिला वेळेवर जेवू घालायचं मला. मला अक्षरओळख नाही. मी सांगते, ती लिहिते. लबाड कार्टी, स्वतःवरचे टोमणे तेवढे गाळते. दम दिलाय, हेसुद्धा लिही!

मंगळवार
भिंतभर नकाशे लावलेत. अक्षरं नसली तरी नकाशा मला कळतो. डोंगर म्हणजे लाकडातल्या रेषा, घर म्हणजे काळा ठिपका, पायवाट म्हणजे धावदोऱ्याची शिवण. सगळ्यात जुन्या नकाशात नदीपलीकडे वस्ती आहे, तिची वाट नदीपर्यंत येते. मधल्यात घरं पुसली गेलीत, वाट मात्र नदी ओलांडून अलीकडे. नव्यात ती आमच्या शेतात. मी विचारलं, माणसंच नाहीत तर वाट मळली कुणाच्या पायांनी? नात म्हणाली, आजी, तू माझी नोकरी खाणार.

गुरुवार
दूधवाला सांगत होता, साथीच्या तापात ती वस्ती मदत मागायला गावात आली. कुणी दार उघडलं नाही. त्या वाटेला जाऊ नका म्हणाला. नात हसली, नकाशा घेऊन सकाळीच गेली.
दिवेलागणीला मागचं दार वाजलं. मीच उघडलं, नात आत आली. जेवली नाही. हात गार. लिही म्हटलं तर मुकाट्याने बसली.

शुक्रवार
गवतात थेट दारापर्यंत मळलेली पट्टी. परवा नव्हती.
आज टोमणे मारमारून मारले. एकही गाळला नसावा. लेखणी थांबलीच नाही. हसली नाही. मी खोकले, तेही लिहिलं. काल परतल्यापासून आजी म्हणून हाक नाही —

शनिवार
मी गप्प आहे, तरी लेखणी चालू. टाका — मग जागा — मग टाका. वाकून पाहिलं. ओळींखालून धावदोरा निघालाय. माझ्या बाजूला —
मागचं दार वाजतंय. बाहेर माझी नात. रडतेय. आजी, दार उघड, कधीची वाट शोधतेय म्हणते. आजी म्हणाली गं! आले, बाळे, आलेच —
ही हात सोडत नाही —
सोड — पोर बाहेर आहे — कुणीतरी दार उघ
— — — —